थोडं आत सरक

"सरक की आत. अजून. मास्तर, तुझा कान बाहेर राहतोय. सावकार, पोट आत घे, नाहीतर तूच बाहेर जा."

हा बापू. गेल्या डिसेंबरात आम्ही पाच जण मिरजेजवळच्या दंडोबाच्या डोंगरावर उभे होतो. सकाळची नवाची वेळ, आणि वारा असा, की कागदातल्या भडंगातले शेंगदाणे तेवढे जागेवर राहत होते, चुरमुरे कधीच मिरजेच्या वाटेला लागले होते. बापूचा उजवा हात पुढे ताणलेला आणि हाताच्या टोकाला मोबाइल. सावकाराची दाढी माझ्या कानाला टोचत होती. डॉक्टरचा हात माझ्या खांद्यावर, आणि त्या हाताला वजन होतं. मास्तर अजूनही खोबरेल लावतो, हे मला त्या दिवशी कळलं. बापूनं एक काढला. कुणीतरी डोळे मिटले होते. दुसरा काढला. कुणीतरी बोलत होतं, म्हणजे सावकारच. तिसऱ्याला सगळे एकदम हसलो, कशाला ते आता आठवत नाही. मग मोबाइल खिशात गेला आणि आम्ही पाचही जण दोन-दोन हात लांब झालो. नाक्यावर एसटीची वाट बघणारी अनोळखी माणसं उभी राहतात, तसे.

ते लांब होणं मला लागलं. लांब झाल्यावर कळलं, की क्षणभरापूर्वी आपण किती जवळ होतो.

आमची ओळख करून देतो. सावकार म्हणजे एका सहकारी बँकेतला निवृत्त कारकून, आयुष्यभर दुसऱ्यांचे पैसे मोजले. डॉक्टर आहे खरा, पण जनावरांचा. मास्तर जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे, त्याच्या नावात काही विनोद नाही. बापूचं सांगलीच्या गावभागात इलेक्ट्रिकच्या सामानाचं दुकान. आणि मी पुण्यात नोकरी करून केस घालवलेला. 1988 साली बारावी झालो तेव्हापासूनची ही पाच डोकी. आता एकाला शुगर आहे, एकाची अँजिओप्लास्टी झालीय, आणि गुडघे सगळ्यांचेच बोलतात.

सेल्फीला नावं ठेवणाऱ्यांत मी बरीच वर्षं पुढे होतो. "स्वतःच्या थोबाडाचं एवढं काय कौतुक?" हे वाक्य मी घरात लेकीला इतक्या वेळा ऐकवलंय, की ती ते माझ्या आवाजात म्हणून दाखवते. 2013 मध्ये ऑक्सफर्डच्या कोशवाल्यांनी 'सेल्फी' हा वर्षाचा शब्द म्हणून निवडला, तेव्हा आता भाषेचंही काही खरं नाही असं मी जेवताना जाहीर केलं होतं. त्या शब्दाचा मूळपुरुष मात्र मला नंतर आवडला. 2002 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका तरुणानं आपल्या फुटलेल्या ओठाचा फोटो इंटरनेटवर टाकला. मित्राच्या एकविसाव्या वाढदिवसाला जरा जास्त झाली होती, पाय अडखळला, तोंडावर आपटला, ओठाला टाके पडले. फोटो अस्पष्ट आलाय, माफ करा, सेल्फी आहे, असं त्यानं वर लिहिलं. हा शब्दाचा सापडलेला पहिला वापर. म्हणजे ज्याला आपण आत्मप्रौढीचं प्रतीक म्हणतो, त्याची सुरुवात मित्राच्या पार्टीत पडून फुटलेल्या ओठापासून झाली. आमच्या सावकाराच्या बाबतीत असं दोनदा झालंय, फक्त तेव्हा मोबाइल नव्हते.

तर मुद्दा जवळ येण्याचा.

चौथीत असताना आम्ही पोरं शाळेतून घरी येताना एकमेकांच्या गळ्यात हात टाकून चालत असू. तिघे-चौघे असे आडवे चाललो की अख्खी गल्ली अडायची, सायकलवाले घंट्या वाजवायचे, पण हात निघायचे नाहीत. कॉलेजात एका सायकलवर तिघे. एक दांडीवर, एक कॅरेजवर, आणि चालवणाऱ्याच्या पाठीला मागच्याचं नाक. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाच्या कठड्याला टेकून उभं राहिलो, तर खांद्याला खांदा लागलेलाच असे. त्यात कुणाला काही वाटत नव्हतं. मग नोकऱ्या लागल्या, लग्नं झाली, आणि कोणत्या तरी एका वर्षी हे बंद झालं. कुठल्या, ते सांगता येत नाही. ठरवून थोडंच बंद केलं होतं? भेटलो की "काय, बरंय ना?" आणि मान हलवणं. फार तर हात मिळवणं, तेही आपण बँकेच्या उद्घाटनाला आल्यासारखं.

बायकांचं वेगळं आहे. संक्रांतीचं हळदीकुंकू घ्या. एकमेकींच्या कपाळाला बोट लागतं, हाताला अत्तर लावलं जातं, पदर सारखा केला जातो, गजरा माळून दिला जातो. स्पर्शाची केवढी निमित्तं! पुरुषांना काय? एक रंगपंचमी, आणि एक मयत. वारकऱ्यांनी मात्र हे फार पूर्वी ओळखलं. वाटेत भेटला की एकमेकांच्या पाया पडायचं आणि उराउरी भेटायचं, मग तो ओळखीचा असो की नसो. आम्ही कुणी वारीला गेलो नाही. आम्हाला बापूच्या मोबाइलची वाट बघावी लागली.

मोबाइल हे करतो, ते त्याच्या गैरसोयीमुळे. माणसाचा हात असून असून किती लांब? दोन-सव्वादोन फूट. तेवढ्या अंतरावरून पाच वाढलेली डोकी चौकटीत मावत नाहीत. मावायची असतील तर गाल गालाला टेकवावे लागतात, कुणाला गुडघ्यात वाकावं लागतं, कुणाला मागून मान घुसवावी लागते. हात लांब असता, तर आम्ही आयुष्यभर लांबच उभे राहिलो असतो. मिठी मारायची म्हटलं तर पंचावन्नाव्या वर्षी पुरुष लाजतो. "फोटोत येत नाहीस, आत सरक" म्हटलं की कुणाचीच लाज निघत नाही. काम चाललंय फोटोचं.

याचा उलटा पुरावाही आहे. मास्तरानं 2015 च्या सुमारास महाबळेश्वरला एक सेल्फीची काठी विकत घेतली. ही कल्पना हिरोशी उएदा नावाच्या जपानी माणसाची. तो मिनोल्टा कंपनीत कॅमेरे बनवायचा. पॅरिसला लूव्रमध्ये त्यानं एका पोराला फोटो काढायला कॅमेरा दिला, तर पोरगं कॅमेरा घेऊन पळालं, असं तो सांगतो. त्यावर उपाय म्हणून त्यानं 1980 च्या दशकात लांब होणारी काठी काढली, आणि आपलं थोबाड चौकटीत आहे का ते दिसावं म्हणून कॅमेऱ्याला पुढून आरसा. तेव्हा ती कुणी घेतली नाही. 1995 मध्ये तर बिनकामाच्या जपानी शोधांच्या एका पुस्तकात तिची वर्णी लागली. मला ते पुस्तकवाले दूरदर्शी वाटतात. मास्तराच्या काठीनं महाबळेश्वरला काढलेला फोटो अगदी स्वच्छ आलाय. मागची दरी दिसते, पाचही जणांचे बूट दिसतात, आणि पाचांमध्ये चार मोकळ्या जागा दिसतात. कुणीही तो कधी ठेवणीत ठेवला नाही. काठी आता मास्तरीणबाई जळमटं काढायला वापरतात.

जुन्या फोटोंचा नाद मला नंतर लागला. स्वतःचा फोटो स्वतः काढणारा पहिला माणूस म्हणून फिलाडेल्फियाच्या रॉबर्ट कॉर्नेलियसचं नाव घेतात. 1839 मध्ये त्यानं कॅमेऱ्यापुढे उभं राहून आपलं चित्र उमटवलं. विस्कटलेले केस, हाताची घडी, एकटाच. मला तो आपला पूर्वज वाटत नाही. माझ्या लेखी पूर्वज दोन. एक त्रिपुराचे महाराज बीरचंद्र माणिक्य. 1880 च्या आसपास त्यांनी महाराणी मनमोहिनींसोबत स्वतःचा फोटो काढला. लांब तारेची कळ महाराजांच्या हातात आहे, आणि दोघं अशी बिलगून बसलीत, की त्या काळात ऑर्डरचा फोटोग्राफर समोर असता, तर राजाराणी तशी बसली नसती. कॅमेऱ्यामागं तिसरं माणूस नाही, हे त्या फोटोत दिसतं.

दुसरा पूर्वज न्यूयॉर्कचा. 1920 चा डिसेंबर, एका स्टुडिओची गच्ची, आणि जाडे कोट घातलेले पाच प्रौढ पुरुष. सगळे धंद्यानं फोटोग्राफर. कॅमेरा एवढा जड, की एका हातानं पेलणं शक्य नाही. म्हणून एका टोकाचा जोसेफ बायरन आणि दुसऱ्या टोकाचा बेन फॉक, दोघांनी एकेक हात पुढे काढून तो हवेत धरलाय, मधले तिघे चेहरे सांभाळून उभे. हा सगळा प्रकार बाजूनं टिपलेला आणखी एक फोटोही आहे, त्यामुळे त्यांनी तो कसा काढला यात शंका राहत नाही. शहाण्या माणसांनी, ज्यांच्या खालच्या मजल्यावर तिपाई असणार, त्यांनी हे का केलं असेल? पाच जण, तेही पाचच. त्यांच्यातला सावकार कोण, हे मी चेहऱ्यावरून ओळखलंय.

आमच्याकडे तेव्हा काय होतं? बापूच्या वडिलांचा क्लिक थ्री कॅमेरा. आग्फाचा तो काळा डबा ज्यांनी हाताळलाय, त्यांना पुढचं सांगायला नको. 120 चा रोल, बारा फोटो, संपले की संपले. मागच्या लाल खिडकीतून आकडा दिसेपर्यंत चक्री फिरवायची. ऊन असेल तर उन्हाच्या चित्रावर, ढग असतील तर ढगाच्या चित्रावर खूण आणायची, एवढंच काय ते शास्त्र. आणि माणसानं दहाएक फूट लांब उभं राहायचं, त्याच्या अलीकडे आलं की चेहरा पुसट. म्हणजे हात लांब करून स्वतःचा फोटो घेणं त्या डब्याला माहीतच नव्हतं. आपोआप खटका पडण्याची सोयही नव्हती. फोटो म्हटला की एक जण बाहेर राहणार, हे ठरलेलं.

तो एक जण नेहमी बापू.

त्याला दोन कारणं, आणि दोन्ही खरी. एक, तो कॅमेरा कुणाच्या हातात द्यायचा नाही. "रोल काय फुकट येतो? तुम्ही हलवाल." वडिलांचा मार त्याला खायचा होता. दुसरं, आम्ही कधी मागितला नाही. "दे इकडं, आता तू उभा राहा" हे वाक्य चार जणांपैकी एकाच्याही तोंडून तीन वर्षांत निघालं नाही. आम्ही आपले केसांवरून कंगवा फिरवण्यात गुंतलेले. एकदा डॉक्टरला कावीळ झाली होती, म्हणून समोर तिघेच उरलो. तिघांचा फोटो काढू नये, मधला जातो, असं माझी आजी सांगायची, आणि मधला मी होतो. तेव्हा बापूला मध्ये घ्यावं, हे सुचलं का? नाही. आम्ही रस्त्यावरचं एक कुत्रं चौथं म्हणून बसवलं. बापूनंच त्याला बिस्किटं घातली, बसवलं, दहा फूट मागे जाऊन फोटो काढला. कुत्र्याचा छान आलाय.

आता गंमत बघा. पुढे तोंड असलेला कॅमेरा मोबाइलमध्ये आला, आणि पाचांत हात सगळ्यांत लांब निघाला बापूचा. ताडमाड माणूस. त्यामुळे गेल्या दहा वर्षांतल्या आमच्या प्रत्येक फोटोत बापू सगळ्यांत पुढे, आणि बाकी चौघं त्याच्या कानामागून उगवल्यासारखी. निम्मी चौकट त्याचीच. वर तक्रार त्याचीच, की माझं नाक एवढं आहे का? तर नाही. 2018 मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी गणित मांडून दाखवलं, की फूटभरावरून काढलेल्या फोटोत नाक पाच फुटांवरच्यापेक्षा जवळजवळ तीस टक्के रुंद दिसतं. बापूचा हात फूटभराहून पुष्कळ लांब आहे, त्यामुळे एवढी सूट त्याला लागू नाही, असं मी त्याला सांगितलं. दोन दिवस बोलला नाही.

माझी तक्रार वेगळी होती. फोटोतला मी मला नेहमी तिरका वाटायचो, भांग चुकीच्या बाजूला. बाकीचे म्हणायचे, आहेस तसाच तर आलायस. यावरही 1977 मध्ये मानसशास्त्रज्ञांनी प्रयोग केलेला आहे. माणसाला स्वतःचा आरशातल्यासारखा उलटा फोटो बरा वाटतो, आणि त्याच्या मित्रांना सुलटा. जो तो रोज जे बघतो, ते त्याला आवडतं. डॉक्टरला हे सांगितलं तर तो म्हणाला, "म्हशीचंही तसंच असतं." त्यानं हे कुठं वाचलं, ते मी विचारलं नाही.

या प्रकाराची एक बाजू वाईट आहे, ती सांगून टाकतो. ऑक्टोबर 2011 ते नोव्हेंबर 2017 या काळात जगभरातल्या बातम्यांतून सेल्फीच्या नादात गेलेले 259 जीव भारतातल्याच संशोधकांनी मोजले. त्यात सगळ्यांत जास्त भारतातले, आणि बुडून गेलेले सर्वाधिक. जानेवारी 2016 मध्ये वांद्र्याच्या बॅंडस्टँडला एक मुलगी गेली, तेव्हा मुंबई पोलिसांनी सेल्फीला मनाईच्या जागा ठरवल्या. फलक लागले की माणसं फलकासोबत फोटो काढतात, तो भाग सोडा. बापूची यात एक शिस्त आहे. आधी जागा ठरवायची, पाय रोवायचे, मग मोबाइल काढायचा. पडद्याकडे बघत एकही पाऊल मागे टाकायचं नाही. इलेक्ट्रिकचं काम केलेला माणूस, हाताच्या आधी डोळा चालवतो.

सरकारलाही मध्येच सेल्फीचा मोह झाला होता. 2016 च्या अखेरीस फर्मान निघालं, की शिक्षकांनी सोमवारी पोरांचे गट करून त्यांच्यासोबत सेल्फी काढायचे आणि हजेरीसाठी शिक्षण खात्याच्या 'सरल' या ऑनलाइन प्रणालीत भरायचे. मास्तराच्या शाळेत नेटवर्क यायचं ते पिंपळाच्या पारावर. शिक्षकांनी ओरड केली, प्रकरण बारगळलं. मास्तर म्हणतो, फोटो काढताना पोरं खरंच चिकटायची, मला आवडायचं. अपलोड करताना शिव्या यायच्या.

आणि मग 2019 चा ऑगस्ट. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी 45 फूट, त्या वर्षी कृष्णा 57 फुटांवर गेली. गावभागात बापूचं दुकान आणि घर एकाखाली एक. माणसं वेळेत बाहेर पडली. पाणी ओसरल्यावर आम्ही चिखल काढायला गेलो, तेव्हा तो दुकानातल्या मालाबद्दल चकार शब्द बोलला नाही. वायरची बंडलं, पंखे, मोटारी, सगळं अंगणात रचून ठेवलं होतं, कुणीतरी मेल्यासारखं. एका पाटावर मात्र त्यानं कॉलेजचा अल्बम उघडून ठेवला होता. उघडला म्हणजे काय, पानं एकमेकांना चिकटून वीट झाली होती. एक पान सोडवलं तर त्यावरचे चेहरे दुसऱ्या पानाला लागून आले. निगेटिव्हही त्यातच.

"तुमच्याकडं काही आहेत का रे?" एवढंच म्हणाला.

होते. तेव्हा रोल धुऊन आला की बापू ज्याचा त्याला एकेक कॉन्टॅक्ट प्रिंट द्यायचा, पांढऱ्या कडेचा, तळहाताहून लहान. डॉक्टरच्या आईच्या ट्रंकेत चार निघाले. माझ्याकडे तीन. मास्तरानं कधीतरी गाइडमध्ये खूण म्हणून ठेवलेले तीन. सावकारानं एक, आणि तोही स्वतः मध्ये असलेला. अकरा. आम्ही मोबाइलवर त्यांचे फोटो काढून बापूला पाठवले. पाठवून झाल्यावर एकेक बघत बसलो, तेव्हा ध्यानात आलं. अकरापैकी एकातही तो नव्हता. ज्याचं सगळं वाहून गेलं, त्याला आम्ही आमचेच फोटो पाठवले होते. बापूचं उत्तर आलं, "मस्त." पुढे काही नाही. कुत्र्याच्या फोटोला अंगठा.

हे मला बरीच वर्षं सलत राहिलं. कुणाशी बोललो नाही. काय बोलणार?

दंडोबाला जायच्या आदल्या आठवड्यात मी त्यातला एक फोटो दोन बोटांनी मोठा करून बघत होतो. आयर्विन पुलावरचा, संध्याकाळचा, आम्ही चौघे कठड्यापाशी. खरं तर मागचं घाटावरचं देऊळ दिसतंय का ते बघायचं होतं. बोट खाली सरकलं, आणि आमच्या पायांशी काहीतरी काळं दिसलं. फोटो खराब झालाय वाटलं. अजून मोठा केला. सूर्य फोटो काढणाऱ्याच्या पाठीशी हवा, हे तेव्हा सगळ्यांना पाठ होतं. संध्याकाळचं ऊन, त्यामुळे लांबच लांब सावली. दोन्ही कोपरं बाहेर काढलेली, डोळ्याला डबा लावलेला. मग बाकीचे दहा बघितले. आणखी तीन फोटोंत ती होती. एकात कुत्र्याच्या शेपटीवर.

मी तो पुलावरचा फोटो स्टुडिओत देऊन हातभर मोठा करून घेतला. दंडोबाला गुंडाळी करून नेला. सेल्फी झाला, आम्ही लांब झालो, सावकारानं उरलेलं भडंग उघडलं, तेव्हा तो बापूच्या हातात दिला. वाऱ्यानं कागद फडफडायला लागला. डॉक्टरनं एक कड धरली, मास्तरानं दुसरी, सावकार तेलकट हातांनी मध्येच घुसला, मी खालून धरला. पाचही डोकी पुन्हा एकत्र आली.

बापूनं चष्मा कपाळावर सरकवला आणि कागदाला नाक लागेल इतका खाली वाकला. मी सावलीवर बोट ठेवलं. तो किती तरी वेळ काही बोलला नाही.

मग म्हणाला, "बघा. तेव्हाबी सगळ्यांच्या पुढं मीच होतो."